अडकलेल्या चाकाचा करंट

जालना,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय पप्पा,

सप्रेम जयभीम. मी बरी आहे. मम्मीचा गुडघा कसा आहे? आता वाटूरला पाण्याच्या मोटारी जळून दुकानात यायला लागल्या असतील. तुम्ही जेवायला वेळेवर घरी जात जा.

बातमी अशी, की काल संभाजीनगरच्या स्पर्धेत आमच्या रोबोटचा पहिला नंबर आला. अठ्ठावीस टीम होत्या. अर्धा किलो वजन ओढत चढ चढायचा होता. वरपर्यंत फक्त आमचाच गेला.

रोबोटला मोटारी दोनच, तुमच्या अंगठ्याएवढ्या. त्यांना करंट देणारी, पुढं-मागं फिरवणारी चिप वेगळी लागते. तिला मोटर ड्रायव्हर म्हणतात. पहिली चिप मी मोटर मोकळी फिरताना करंट मोजून निवडली. चढावर चाक अडकलं आणि ती जळाली. मंग माझी मैत्रीण तृप्ती मोठी चिप घेऊन आली. ती जळाली न्हाई, पण बॅटरीतले दोन व्होल्ट स्वतःच खाऊन नुसती तापायची. मोटारीला जोरच मिळंना. स्पर्धेला चार दिवस राह्यले होते.

तेव्हा तुमचं बोलणं आठवलं. गिऱ्हाईकाला तुम्ही म्हणता, "मोकळी तर कोणतीबी चालती. अडकल्यावर किती ओढती ते बघू."

मी चाक बोटांनी घट्ट धरलं आणि मीटर लावला. मोकळी असताना पाव अँपिअर, अडकल्यावर पूर्ण एक. मंग त्याहून जास्त सोसणारी आणि व्होल्ट न खाणारी चिप शोधली. ती निघाली नखाएवढी.

"ही तर आधी जळंल," तृप्ती म्हणली.

"आकडा बघ, आकार नको बघू."

काल चढावर चाक फटीत अडकलं. तीन सेकंद तसंच अडकून राह्यलं. मंग ते सुटलं आणि रोबोट सरळ वर गेला. चिपला बोट लावून पाह्यलं, नुसती कोमट होती.

चिप कशी निवडली ते मी परीक्षक बाईंना सांगितलं होतं. बक्षीस देताना त्यांनी माइक माझ्यापुढं धरला. "अडकवून मोजायचं हे कोणी शिकवलं?"

पप्पा, दिवाळीआधी तुम्ही होस्टेलवर आल्ते. हाताला वार्निश, अंगावर दुकानातलाच शर्ट. मुलींनी विचारलं तेव्हा मी म्हणलं, गावाकडचे ओळखीचे आहेत. तुम्ही ते ऐकलं. फराळाचा डबा वॉचमनपाशी ठेवून निघून गेलात. तेव्हापासून माझा फोन आला की "मम्मीला देतो" एवढंच म्हणता. मी चूक केली. आजवर ते बोलायची हिंमत झाली न्हाई.

काल त्याच मुली समोर उभ्या होत्या. मी माइकवर सांगितलं, "माझ्या वडिलांनी. धम्मपाल त्यांचं नाव. वाटूरला जळालेल्या मोटारींचं रिवायंडिंग करतात."

बाई म्हणल्या, "मंग त्यांना सांगा, पोरीला बराबर शिकवलं." तेच मी तुम्हाला सांगून राह्यले.

शनिवारी अकरा वाजता कॉलेजात सत्कार आहे, आईवडिलांना बोलावलंय. मी गेटवर उभी राहीन. तिथून आतपर्यंत जो भेटेल त्याला तुमची ओळख मीच करून देणार आहे.

तुमचीच मुलगी,
संध्या