गव्हर्नरसाहेबांची आक्का

तुरुंगातून, १२ फेब्रुवारी १९४३

तीर्थरूप आक्काच्या चरणी महिपतीचे साष्टांग दंडवत. वि. वि.

तिळाच्या वड्या पोचल्या. तपासणाऱ्याने एकेक मोडून पाहिली, म्हणून चुराच खाल्ला. पण चव तुझ्या हातचीच. खोकला आहे, काळजी करू नकोस.

आई गेल्यावर तू मला वाढवलेस, वकील केलेस. सदतीस साली असेंब्लीसाठी मते मागताना आंदर मावळातल्या लोकांना मी नदीवर साकव बांधून देईन असे बोललो होतो. आमचे मंत्रिमंडळ गेले, लढाई आली, आणि मी इथे अडकलो. पावसाळ्यात त्या लोकांचे नडले तर कामशेतात तुझ्याखेरीज कोणाचे दार ठोठावतील? अधूनमधून जाऊन येत जा.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा महिपती

कामशेत, २० ऑगस्ट १९४३

चिरंजीव महिपतीस आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बातमी वाईट हाय. नदीपलीकडच्या ठाकरवाडीच्या कान्हूची बायको बाया बाळंतपणाला अडली. डोलीत घालून तिला नदीपत्तोर आणली. अलीकडं मी सुईण घेऊन उभी, पलीकडं ती, मधे पूर. तिचं कण्हणं ऐकू येत होतं, मग येईनासं झालं. कान्हूनं पलीकडनं हात हालवला, आता नका थांबू म्हनून.

मी साकवाचा अर्ज घेऊन लोकल बोर्डाच्या हापिसात गेले. तितला साहेब म्हनाला, बाई, पुरुष माणसाला पाठवा. मी म्हनाले, आमचा पुरुष सरकारनंच आत ठेवलाय. तो हसला, पण अर्ज काय घेतला न्हाई. मी पुन्हा जाणार हाय.

अंगावर पांघरून झोप. जीव लावला हाय तो विसरू नको.

तुझी आक्का

गव्हर्नमेंट हाऊस, ३ जून १९४८

तीर्थरूप आक्कास महिपतीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

शपथविधी झाला. बँड वाजला, तोफा उडाल्या. कोणी तरी 'हिज एक्सलन्सी' म्हणाले तेव्हा मी मागे वळून पाहिले, कोण आले म्हणून! जेवायला मी एकटा आणि वाढायला चौघे. भाकरी मागितली तर आचारी घाबरला.

तुरुंगातून सुटलो, पुन्हा निवडून आलो, आणि साकवाचे काम हाती घेणार तोच परप्रांतातले हे पद आले. गव्हर्नर कोणत्याच पक्षाचा नसतो. आपल्या प्रांतातल्या मंत्र्यांकडे शब्द टाकणेही आता शोभणार नाही. ते मनाला लागून राहते.

तू इकडेच राहायला ये. घर मोठे आहे आणि त्यात माझे माणूस नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
महिपती

कामशेत, ९ जुलै १९४८

चिरंजीव महिपतीस आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या रिकाम्या जागेवर पक्षानं लोणावळ्याचा बजरंगशेट उभा केलाय. भला माणूस, पण नदीच्या पलीकडं कधी गेला न्हाई. काल कान्हू, त्याचा शेजारी भिमाजी आणि वाडीच्या बायका भिजत आल्या. म्हनाल्या, भाऊ लांब गेलं, आता आक्का तू उभी राहा. मी म्हनाले मला भाषण येत न्हाई. त्यावर कान्हू म्हनाला, भाषणं लय ऐकली.

तू सांग. तुला इचारल्याबिगर मी आजवर काय केलं न्हाई.

वाट बघते. मन मोकळं करून लिही.

आक्का

गव्हर्नमेंट हाऊस, १६ जुलै १९४८

तीर्थरूप आक्कास सा. न. वि. वि.

आक्का, उभी राहू नकोस. माझ्याच जुन्या पक्षाविरुद्ध माझी बहीण, म्हणजे लोक म्हणतील गव्हर्नरानेच मागून ढकलली. वर्तमानपत्रे तुझे नाव चिखलात ओढतील आणि मला तुझ्या बाजूने एक शब्दही काढता येणार नाही. प्रचाराला येता येणार नाही, पत्रसुद्धा पाठवता येणार नाही. तुला एकटीला तिथे उभी पाहणे मला जमायचे नाही.

हे गव्हर्नर लिहितो की तुझा भाऊ, मलाच कळत नाही. रागावू नकोस.

महिपती

कामशेत, १५ मार्च १९४९

चिरंजीव महिपतीस आक्काचे उदंड आशीर्वाद. वि. वि.

तुझं ऐकलं न्हाई. राग येईल म्हनून इतके महिने लिहिलं न्हाई, आणि तुला अडचण नको म्हनून बी न्हाई लिहिलं. वाडीवाडीला चालत गेले. भाषण केलंच न्हाई. त्या दिवशी नदीवर काय झालं तेवढंच सांगत गेले. दिवाळीआधी थोड्या मतांनी का होईना, निवडून आले. बजरंगशेट घरी येऊन पाया पडून गेला.

साकव मंजूर झाला, खांब उभे राहिलेत. कान्हू तितं कामाला हाय. दुपारची भाकर खायला तो रोज त्याच दगडापाशी बसतो, जितं डोली टेकवली होती. मी बी जवळ जाऊन बसते.

असेंब्लीत एकानं इचारलं, तुम्ही गव्हर्नरसाहेबांच्या भगिनी ना? मी म्हनाले, न्हाई, साहेब माझा धाकटा भाऊ हाय.

तुझं पत्र वाचून मी रडले हे खरं. पण त्यात तुझी माया दिसली, भ्या दिसलं, खुर्ची न्हाई दिसली. आता निकाल लागून महिने झाले, आता कुणी काय म्हननार न्हाई. रजा मिळाली की ये. मोटारी, शिपाई आणू नको. ओसरीवर एकच पथारी मावते.

आक्का