सूर कोणी उचलायचा

प्रिय लिगेरी,

पानागोस गेला. दिकेओसने तुला फोनवर पाठवलेला निरोप त्याच्या बायकोने मला दाखवला: "बाबा शांतपणे गेले, अंत्यविधी छान झाला." आपला भाचा बिचारा सरळ आहे, पण त्यातलं एक अक्षर खरं नाही. तुझा भाऊ शांतपणे गेला नाही, आणि छान तर काहीच झालं नाही. रागातच लिहितेय. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच, पण सगळं वाच.

सकाळी काळे कपडे घालून, डोकं बांधून मी गेले. खालच्या मोठ्या खोलीत त्याची शवपेटी ठेवलेली. वरच्या वाडीतल्या बायका आल्या, आम्ही गोल बसलो, मी गळा साफ करतेय तोवर कोणीतरी बाई विलाप करायला लागली. बघते तर खिडकीत एक काळा डबा, त्यातून तिचा आवाज! दिकेओस म्हणतो, "आत्या, तुम्ही त्रास नका घेऊ. अथेन्सची मोठी गायिका आहे, बक्षीस मिळालंय तिला." मेलेल्याला काय करायचंय त्या बक्षिसाचं? ती बाई कोणा तरण्याबांड वीरासाठी गळा काढत होती, आणि इकडे आमचा पानागोस, ऐंशीचा, तोंडात दात नाही. त्यात ती मधेच थांबली आणि एक पोरगी हसत हसत गाद्या विकायला लागली. देवाशप्पथ सांगते. कल्लिरोई तुला आठवते ना, शेजारची? ती हळूच म्हणाली, "घ्या गं एखादी, पाठीचा त्रास होताच त्याला." हसू दाबता दाबता बायका लालबुंद झाल्या. माझ्या भावाच्या पेटीपाशी! मला हसू आलं नाही.

मी दिकेओसला धरलं. म्हटलं, आम्ही काय मेलोय? तो मान खाली घालून म्हणाला, "बाबांचाच नियम आहे, आत्या. या घरात बायकांनी विलाप गायचा नाही." नियम का झाला ते त्या पोराला कोणी सांगितलेलं नाही. आपल्या बाबांच्या पेटीशी सगळ्याजणी त्यांचा दिलदारपणा गात होत्या, त्यांची बंदूक गात होत्या, आणि हाताच्या खुणेने एकीकडून दुसरीकडे जाणारा सूर तुझ्याकडे आला तशी तू आईचा मोडलेला हात गायलीस. तो कोणी मोडला हे गावाला ठाऊक होतं, पण कोणाच्या तोंडून आलं नव्हतं. पानागोसने तुला भर विलापात दंडाला धरून उठवलं. महिन्याभरात तुझी रवानगी मेलबर्नला. पुन्हा तुझं नाव त्या घरात निघालं नाही. खरं गायली म्हणून बहीण हाकलायची आणि त्याला म्हणायचं घराण्याची अब्रू! कसली अब्रू? मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

आपले पाद्री पापा-लियास पोथी काखेत मारून आले आणि म्हणाले, "गारिफलियाबाई, मी वाचतो तेवढं पुरे. जिथे दुःख नाही, उसासा नाही, तिथे निघालाय तो." माणूस चांगला आहे. देवळात उभी असले की मीही ते मानते. पण पेटीशी बसले की मला आईने शिकवलेलं खरं वाटतं: खाली अंधार आहे, पाणी नाही, भाकरी नाही, आपण केलेलं तेवढं आपल्यासोबत. दोन्ही एकदम खरं कसं असेल? इतकी माणसं पोचवली, मला काही उलगडलेलं नाही. पोथी मेलेल्याला म्हणते, जा बाबा. आपला विलाप त्याला दारात अडवून म्हणतो, थांब, आधी उत्तर दे. माणसाला दोन्ही लागत असावं. पण त्या डब्याला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं गं!

मी उठले, डबा उचलला आणि कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवून आले. मग बसले आणि गायले.

खाली भेटेल गा आई
पाणी नाही मागणार
विचारील एवढंच
लेक माझी कुठे, सांग

पुढे मला गाता आलं असतं, दम होता. पण मी हात पुढे केला आणि सूर सोपवला, तुझं नाव घेऊन. लिगेरी! मोठ्याने, त्या घरात. कल्लिरोईचा हात पुढे आला आणि तिनेच तो मागे घेतला. एकीचं नाव घेतल्यावर दुसरीने उचलायचं नसतं, ते अजून पाळतो आम्ही. पापा-लियास खोकले, पेटी उचलली गेली. दिकेओस माझ्यावर तडकला, "आत्या, बाबांना अर्ध्यावरच सोडलंत तुम्ही!" म्हटलं, हो, सोडलं.

आता हे का लिहितेय ते सांगते. शेवटच्या आठवड्यात पानागोसने मला जवळ बसवलं आणि विचारलं, "लिगेरी रडेल का गं माझ्यावर?" माझं डोकंच फिरलं. मग म्हणतो, "तुम्ही सगळ्या गोड गाल. तिने गायला हवं. काय ते तिच्याच तोंडून ऐकून जायचंय मला." मी म्हटलं, इतकी वर्षं जीभ काय गहाण टाकली होतीस? कर की फोन! त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, फोन काही केला नाही, आणि तसाच तळमळत गेला. त्याचा निरोप तुला द्यावा असं त्याने काय केलंय, यावरून मी रोज स्वतःशी भांडतेय. पण सूर लटकलाय, लिगेरी, आणि मी तो तुझ्या नावाने लटकवलाय. चाळिसाव्या दिवशी रीतीप्रमाणे गहू उकडून आम्ही थडग्याशी बसू. ये. त्याला माफ कर असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला जमलेलं नाही. आईच्या हातावरचं ते कडवं तुझं अर्धंच राहिलंय. ते पुरं गा, त्याच्या डोक्याशी बसून. या वेळी तुला कोणी उठवणार नाही.

तुझीच, गळा अजून शाबूत असलेली थोरली,
गारिफलिया