विहिणीला न दाखवलेलं पान

प्रिय विहीणबाई,

उद्या सकाळी माझा दुसरा डोळा कापायचा आहे. डॉक्टर म्हणतात, कापत नाहीत हो आजी, एवढंसं छिद्र पाडतात. आता छिद्र काय फुंकर मारून पडतं? पण ते जाऊ द्या. पहिल्या डोळ्याच्या वेळी तुम्ही माझ्याबरोबर होतात. या खेपेला नाही. म्हणून आज दुपारी जेवणं उरकल्यावर हे पत्र सांगायला बसले आहे.

सांगायला, लिहायला नाही. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. लिहिते आहे तुमची लेक, माझी सून, वैशाली. रमेश म्हणाला, आई, फोनमध्ये बोल, तो आपोआप लिहितो. म्हटलं, तुझा फोन तुझ्यापाशी ठेव. मला माणूसच पाहिजे लिहायला, आणि तेही हेच माणूस.

हेच का, ते तुम्हाला कळलं असेल. तिला अजून कळलेलं नाही. एक गोष्ट मी जन्मात फक्त तुम्हाला सांगितली. ती उद्या टेबलावर आडवी होण्याआधी तुमच्या लेकीला सांगायची आहे, आणि समोरासमोर बसून सांगायची माझी छाती होत नाही. तुमच्या नावाने सांगितली तर होईल असं वाटतं. काय गं, बघतेस काय? हेसुद्धा लिही.

आपली दोघींची सुरुवात काही बरी नव्हती. लग्नात माझ्या जावेची साडी माझ्या मानाच्या साडीपेक्षा भारी निघाली. मी पंगतीतून उठले नाही, पण तुम्ही आग्रहाला आलात तेव्हा जिलबीला हातही लावला नाही. मुलाकडच्या बाईने एवढं तरी रुसायला नको? नाहीतर लोकांना वाटायचं, ही मुकीच आहे. त्यानंतर कितीतरी वर्षं आपण एकमेकींना ‘या, बसा, चहा घ्या’ एवढंच बोललो. चहासुद्धा तुम्ही अर्धा कपच घ्यायच्या. लेकीच्या घरचं खायचं नाही, ही तुमची जुनी रीत!

मग तुमचे मालक गेले, तुमची टेलिफोन ऑफिसातली नोकरी संपली, आणि तुम्ही ते चित्रांचे पत्ते घेऊन बसलात. वैशालीने मला हळू आवाजात सांगितलं, जसं काही आई दारू प्यायला लागली आहे. टॅरो म्हणतात म्हणे. मी त्याच आठवड्यात रमेशला गाडी काढायला लावली आणि तुमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर आले. खरं सांगू? हसायला आले होते.

आल्याआल्या विचारलं, पोपट कुठे आहे? आपल्या नाशकात काय कमी आहेत का भविष्य सांगणारे? गंगेवर जावं तर एकीकडे पंचांग उघडून गुरुजी, दुसरीकडे पिंजरा घेऊन पोपटवाला. आणि आमच्या विहीणबाईंनी पत्ते आणले परदेशचे.

तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, पोपट नाही आणि भविष्यही नाही. पान ज्याने काढलं त्यानेच सांगायचं, चित्रात काय दिसतं ते.

“मग तुमचं काय काम?”

“गप्प बसणं. विहिणींना जमत नाही ते.”

पहिलंच पान निघालं द्राक्षांच्या बागेचं. रेशमी झगा घातलेली बाई, आजूबाजूला सोन्याची गोल गोल नाणी, हातावर पाखरू. म्हटलं, या बाईने विरळणी केलेली नाही. घड नुसते दाटलेत, मणी फुगणार कसा? आणि बागेत पाखरू घेऊन कोण उभं राहतं? निफाडला आमचा जन्म गेला पाखरं हाकलण्यात. तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. तुम्हाला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दर बुधवारी बाजाराच्या निमित्ताने मी तुमच्याकडे यायला लागले ते तिथून.

तेव्हा माझे दोन्ही डोळे धुरकट झाले होते. गव्हातला खडा दिसत नव्हता, जिन्याची शेवटची पायरी दिसत नव्हती. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगून ठेवला होता आणि मी पुढे ढकलत होते. थंडीत जखम भरत नाही, उन्हाळ्यात चिघळते, पावसाळ्यात ओल धरते. रमेश म्हणायचा, आई, तुझ्यासाठी चौथा ऋतू कुठून आणू?

एका बुधवारी तुम्ही म्हणालात, आज डोळ्याचं मनात धरून पान काढा. मी काढलं. नाकाला लागेल इतकं जवळ नेलं तेव्हा दिसलं. एक बाई उभी. डोळ्यांवर पट्टी, अंगाला दोऱ्या आवळलेल्या, भोवती जमिनीत तलवारी रोवलेल्या. मी ते पान गुडघ्याखाली सारलं.

तुम्ही म्हणालात, दाखवा ना.

“मेंढीकोटात कोणी दाखवतं का पान?” मी म्हटलं. “आणि तेही विहिणीला?”

आता दुसरं कोणी असतं तर मला समजावत बसलं असतं की आजी, हे पत्ते लपवायचे नसतात. मला पत्ते म्हणजे मेंढीकोटच. वाईट पान आलं की चेहरा हलू द्यायचा नाही आणि गुडघा उचलायचा नाही. बाहेरही मी तशीच वागत आले. तुम्ही तेवढ्यात ओळखलंत. म्हणालात, ठेवा मग. घरी घेऊन जा. दाखवावंसं वाटेल तेव्हा या. आणि चहा टाकायला उठलात. तुमचा डाव एका पानाने लंगडा झाला, पण त्यानंतर तुम्ही त्याचं नावही काढलं नाहीत.

ते पान मी बटव्यात ठेवलं. सुपारी काढायला जावं तर ती बाई हाताला लागायची. दुपारी घरात कोणी नसलं की खिडकीशी नेऊन तिच्याकडे बघायचे. आधी नुसत्या तलवारीच दिसायच्या. मग एकदा, ऊन चांगलं होतं त्या दिवशी, खाली नजर गेली. बाईचे पाय मोकळे होते. दोरी सगळी वर, छातीला आणि हातांना. तलवारी मागे आणि बाजूला. समोर एकही नव्हती. म्हटलं, अगं भवाने, मग उभी का आहेस तू?

पुढच्या बुधवारी येऊन मी ते पान तुमच्यासमोर उघडं टाकलं. तुम्ही एवढंच विचारलंत, ही कशाला भ्यायली आहे?

मी म्हटलं, चाकूला. तुम्ही गप्प. खालच्या रस्त्यावरची भाजीवाल्याची हाळी ऐकू येत होती. मी परत पानाकडे बघितलं आणि म्हटलं, चाकूला नाही.

वैशाली, आता नीट लिही. गाळलंस तर मला कळायचं नाही, पण तुझ्या आईला कळेल.

मी तुम्हाला सांगितलं, चाकूची भीती ही रमेशला सांगायला ठेवली आहे. खरी भीती वेगळीच. ऑपरेशन बिघडलं आणि डोळे गेले, तर मी तुमच्या लेकीच्या हातात जाणार. न्हाणीघरात तिने न्यायचं. ताटात भाजी कुठे, भाकर कुठे, ते तिने सांगायचं. माझी वेणी तिने घालायची. आणि मी या घरात तिला भाजीतल्या मिठावरून बोलले, कापलेल्या केसांवरून बोलले, कामावरून उशिरा येण्यावरून बोलले. जिच्या प्रत्येक गोष्टीला नाव ठेवलं, तिच्या हाताने जेवायचं? ती घालेल जेवायला, ते मला माहीत होतं. पण कसं घालेल? माझी भीती त्या ‘कसं’ची होती, विहीणबाई. आणि मी ती तिच्या सख्ख्या आईला सांगत होते.

पेन थांबलं आहे. ती खिडकीतून बाहेर बघते आहे. मी म्हटलं, लिही. ती म्हणते, “लिहितेय, अहो आई. थांबा जरा.”

थांबते.

हां. दुसरी आई असती तर म्हणाली असती, माझी मुलगी तशी नाही हो. नाहीतर जिलबीचा हिशेब तरी काढला असता. तुम्ही पान उचललंत, पत्त्यांत घातलंत आणि म्हणालात, “वैशाली कुरकुर करेल. लहानपणी मांजराला दूध घालतानासुद्धा करायची. पण मांजर कधी उपाशी राहिलं नाही.” आणि मग म्हणालात, तिला एकदा विचारूनच बघा ना. मी म्हटलं, मी विचारू? सुनेला? त्यापेक्षा डोळा कापून घेते.

आणि खरंच कापून घेतला! त्या दिवशी तुम्ही रिक्षात माझ्या शेजारी बसलात. आत मला झोपवून तोंडावर कापड घातलं, आणि मी चादरीखाली पायाची बोटं हलवून बघत होते, मोकळी आहेत का. डॉक्टर म्हणाले, आजी, पाय हलवू नका. त्यांना काय सांगणार? दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोर तुम्हीच होतात. तुमच्या तोंडावरची सुरकुती न् सुरकुती दिसली. म्हटलं, अहो, तुम्ही एवढ्या म्हाताऱ्या कधी झालात? तुम्ही म्हणालात, मी होतेच, तुम्हाला आत्ता दिसलं.

त्या एका डोळ्याने मी काय काय पाहिलं म्हणून सांगू! बाल्कनीतून पांडवलेण्याचा डोंगर दिसला. रमेशच्या डोक्यातले पांढरे केस दिसले. वैशालीच्या हातावर तव्याचा जुना चटका आहे, तो दिसला. हे सगळं तुमचं देणं आहे. डोळा डॉक्टरांनी दिला, पण टेबलापर्यंत चालत नेलं तुम्ही. लोक मला म्हणायचे, आजी, घाबरू नका. तुम्ही तसं कधी म्हणाला नाहीत. तुम्ही मला भ्यायला जागा दिलीत, आणि वर चहा दिलात.

पण एक गोष्ट मला आवडली नाही, ती सांगितल्याशिवाय राहत नाही. एकदा मीच हट्ट धरला, आज तुम्ही पान काढा. निघाला एक म्हातारा, डोंगरावर एकटाच, हातात कंदील. मी विचारलं, हा कशाला भ्यायला आहे? तुम्ही मान खाली घालून म्हणालात, दार आतून बंद असेल आणि आपण जाऊ, मग लोक दार फोडतील, याला. मी म्हटलं, मग आमच्याकडे या राहायला, मला भांडायला कोणीतरी होईल. तुम्ही म्हणालात, लेकीच्या घरी? लोक काय म्हणतील? माझे मोकळे पाय तुमच्यामुळे मला दिसले. स्वतःचे तुम्हाला का नाही दिसले हो?

मग मी एवढंच कबूल करून घेतलं, की कडी घालायची नाही, नुसतं लॅच लावायचं, आणि एक किल्ली वैशालीकडे ठेवायची. दिवाळीनंतर तुम्ही दुपारच्या जेवून आडव्या झालात आणि उठलाच नाहीत. संध्याकाळी फोन उचलेनात म्हणून वैशाली गेली. तिने किल्लीने दार उघडलं, विहीणबाई. कोणी फोडलं नाही. तुमच्या अंगावर शाल होती आणि पंखा बारीक चालू होता. हे तुम्हाला कळावं असं मला फार वाटत होतं.

तुम्ही गेल्यापासून मी पुन्हा टाळायला लागले. सूतक, मग पाहुणे, मग थंडी. दुसरा डोळा आता पारच धुरकट झाला आहे. शेवटी परवा रमेशने न विचारता तारीख घेतली.

इथवर वैशालीने मला सगळं वाचून दाखवलं. तुमचं मांजराचं वाक्य तिने दोनदा वाचलं. मग पेन बाजूला ठेवून ती म्हणाली, अहो आई, मला वाटायचं तुम्हाला माझा हात लागलेला आवडत नाही. म्हणून जिन्यात, रिक्षात मी दर वेळी रमेशला पुढे करायची.

बघा आता. एका स्वयंपाकघरात दोघी, आणि दोघींची पानं गुडघ्याखाली. मी म्हटलं, हेही लिही. तिने लिहिलं.

तेव्हा विहीणबाई, तुम्हाला शब्द देते. उद्या दवाखान्याच्या दारात रमेशला गाडी लावायला पाठवीन, आणि पायरीशी उभी राहून तुमच्या लेकीला म्हणेन, हात दे गं. भाजीतल्या मिठाबद्दल शब्द देत नाही. गेलेल्या माणसाला खोटं वचन देऊ नये. पण हात मी मागेन. माझ्या तोंडाने.

तुमची विहीण,
गयाबाई
(सहीच्या जागी अंगठा आहे. शाई वैशालीच्या पेनाची.)