रोहू झोपली होती

नागभीड,
६ ऑगस्ट २०२४

मनसारामभाऊस,

गोकुळाचा नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत. रोवणी आटपली. आईचा गुडघा धरला होता, आता हिंडते-फिरते. वहिनी आणि दिव्या कोरपन्यात मजेत असतील. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आमच्या बचत गटाने यंदा पहिल्यांदाच मासोळीचं बीज तयार करायला घेतलं. अंडी घालावीत म्हणून इंजेक्शन देताना रोहूची मादी फार धडपडते, मार बसून अंडी वाया जातात. म्हणून टबातल्या पाण्यात थोडं लवंगेचं तेल टाकायचं. ती कलंडते, गुंगते. काम झालं की स्वच्छ पाण्यात सोडली, की पोहू लागते. तू इकडे आलास तेव्हा हे मी तुला टबाशी उभं करून दाखवलं होतं. तू हसलास.

मी इंजेक्शन आणायला आमच्या गटाच्या अध्यक्ष नीलाबाईंकडे गेले. परत आले तर टब रिकामा, आणि तू अंगणात विळीवर बसलेला. तुझे कंपनीतले साहेब आपल्या घरी जेवायला येणार होते. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरी पाहुण्याला लहान मासोळी वाढली तर नाक कापलं जातं, नाही का! "मरून पडली होती, वाया काऊन जाऊ द्यायची?" असं म्हणालास. पोटभर अंडी होती तिच्या. तीही तळलीस. साहेब म्हणाले, मसाल्यात लवंग छान उतरली आहे. तू मान डोलावलीस. तेव्हाच ताट उचलून फेकावं असं वाटलं मला.

तरी उलटी पडलेली मासोळी आपल्या घरी हंडीतच जाते, भावाची चूक झाली, अशी मनाची समजूत घातली. गटातल्या बाया म्हणतात, गोकुळाने भावाला मादी खाऊ घातली. नीलाबाईंनी माझ्याकडून टाक्यांची किल्ली काढून घेतली. तेही सोसलं.

काल आई रडली. ती त्या दिवशी तुझ्याजवळच होती. तिने तुला सांगितलं होतं, "हिचे कल्ले हालून राह्यले रे." आणि तू म्हणालास, "गुमान पाणी आण."

म्हणजे तुला माहीत होतं.

रविवारी गटाची बैठक आहे. ये, आणि सगळ्या बायांसमोर हेच सांग. आईला मी बोलायला लावणार नाही. तिच्या तोंडून तुझं नाव निघालेलं मला ऐकवणार नाही, पण तू आला नाहीस तर ते नाव मी घेईन.

खाली 'तुझी बहीण' लिहायला हात उचलत नाही.

गोकुळा