पिशोरची अठरा भगुणी

औरंगाबाद,
१२ सप्टेंबर १९७४

प्रिय गयास,

गेले आठ दिवस माझ्यावर जो अन्याय चालला आहे त्याची दाद मागायला या देशात जागा नाही, म्हणून तुला लिहितो. माझ्या टेबलाचा एक पाय बोटभर आखूड आहे. चहा ठेवला की अर्धा बशीत, बशीतला कागदावर आणि कागदावरचा माझ्या धोतरावर. सुताराला बोलावलं, तो म्हणाला पाय बरोबर आहे, जमीन खचली. गवंड्याला बोलावलं, तो म्हणाला जमीन बरोबर आहे, पाय खोटा. दोघं चहा पिऊन गेले. आशाबाईंचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं की टेबल ठीक आहे, मीच डुगडुगतो. तेव्हा अक्षर हललेलं दिसलं तर कोणाचं खरं ते तू ठरव.

एवढी वर्षं हा पाय आखूड असल्याचं मला माहीतच नव्हतं, कारण त्याखाली एक जाडजूड सरकारी अहवाल होता. सरकारनं छापलेली इतकी उपयोगी वस्तू दुसरी मी पाहिली नाही. गेल्या आठवड्यात तो ओढून काढावा लागला आणि तेव्हापासून घरात काहीच स्थिर नाही. रात्रीची झोपही नाही.

तुला तो अहवाल आठवेल. नसेल आठवत असं कसं म्हणू? देशात पिकलेलं सगळं धान्य घ्यायचं, बियाणं आणि उंदरांचा वाटा वजा करायचा, उरलेलं माणशी वाटायचं, आणि त्या वाट्यात लोह किती, तांबं किती ते रकान्यात मांडायचं. तांबं माणसाला रोज दोनएक मिलिग्रॅम लागतं, सुईच्या टोकावर मावेल इतकं. पण तेवढंही नसलं तर रक्त नीट धरत नाही म्हणे. त्या अहवालातला दरडोई गृहस्थ रोज थोडी मासळी खातो, थोडं केळं, थोडं मटण, वर चमचाभर तूप. मला तो पिशोरात कधी भेटला नाही. हे कागदावरचं जेवण खरं का, ते पडताळायला गावोगावच्या ताटातलं अन्न डब्यात भरून प्रयोगशाळेत पाठवायचं होतं. त्या डब्यांमागे आपण दोघं होतो, दोघंही हंगामी, एका सायकलवर. चढाला तू उतरायचास आणि उताराला मी चालवायचो.

तू बिडकीनला वडिलांचं कल्हईचं दुकान चालवतोस हे तुझ्या शफीककडून कळलं. पोरगा बापासारखाच सरळ बघून बोलतो. शहागंजात भेटला, तर म्हणाला, 'चाचा, आजकाल भांडी कोण आणतंय? सगळ्यांकडं स्टील.' बिडकीन बसनं तासाभरावर आहे. मला चौदा वर्षं लागली आणि अजून पोचलो नाही. मी इथं पडेगावच्या रस्त्याला घर बांधलं, नोकरीत कायम झालो, आता आपल्याच त्या शाखेचा मुख्य आहे. दर रविवारी पेपरात लोकांची टर उडवतो. लोक म्हणतात, बद्रीनाथरावांची जीभ म्हणजे वस्तरा. वस्तऱ्याला पहिली धार कुठं लागली, हे कोणी विचारत नाही.

पिशोरच्या सरूबाईचं तोंड आठवतं का? आपण जायच्या दोन दिवस आधी मीच कोतवालाला सांगून दवंडी पिटवली होती, की सरकारी माणसं जेवण बघायला येताहेत, भांडी स्वच्छ ठेवावीत. मला वाटलं, मी आरोग्याची मोठी सेवा करतोय. गाव दोन दिवस शेतावर गेलं नाही. चिंच, राख, विटकरीचा भुगा घेऊन बायकांनी पितळी भगुणी अशी घासली, की बाहेरचं तर सोडच, आतली पांढरी कल्हईसुद्धा खरवडून काढली. सरूबाईनं तिचं भगुणं उन्हात धरून दाखवलं, आतून-बाहेरून सोन्यासारखं पिवळं. त्या पितळेत निम्म्याहून जास्त तांबंच. आणि त्यात सकाळपासून सरकारच्या वाट्याच्या ताकातल्या कण्या, आंबट, दुपारपर्यंत झाकून ठेवलेल्या.

तू बोट बुडवून चाखलंस आणि थुंकलास. 'बद्री, जबान पे रखके देख. कळकलंय हे, भांड्याचं तांबं उतरलंय यात.' मी चाखलं नाही. मला दिसत होतं. तू सरूबाईला समजावायला गेलास, की माय, आतून एवढं घासू नको, यातलं आंबट खाऊ नको, कल्हई लावून देतो मी, फुकट. तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'सरकार म्हनतंय घासा, तू म्हनतूस घासू नगं. आधी तुमचं तुमचं ठरवा, मंग माझ्या चुलीम्होरं या.' अठरा घरं फिरलो. अठरा भगुणी, सगळी पिवळी. तू शाईपेन्सिल काढून तिथंच ओट्यावर लिहिलंस, की भांड्यांना कल्हई नाही, नमुने रद्द करावेत, महिन्यानं पुन्हा यावं. मी मात्र फॉर्मवर 'भांड्यास कल्हई: आहे' लिहिलं. तुझ्याकडूनच पेन्सिल घेऊन सही केली. पुन्हा यायचं म्हणजे दवंडीचं सांगावं लागणार होतं, आणि कायम होणाऱ्यांची यादी त्याच महिन्यात निघायची होती.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. प्रयोगशाळेतून पत्र आलं, पिशोरचं तांबं भलतंच जास्त येतंय, भांडी तपासली होती काय? तेव्हाचे शाखेचे मुख्य आपले तात्यासाहेब, त्यांनी एका हातात माझा फॉर्म धरला, दुसऱ्यात तुझी चिठ्ठी. साहेबांना दोन्हीतलं काहीच वाचायचं नव्हतं, त्यांना जेवायला जायचं होतं. म्हणाले, 'यातलं खरं काय हो, बद्रीनाथ?' मी म्हणालो, 'साहेब, कल्हईवाल्याचं पोरगं ते. त्याला अख्ख्या देशाचीच कल्हई उडालेली दिसणार. बापाचं दुकान चालायला नको का?'

कचेरी हसली. तात्यासाहेबांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. तू दारात रिकामे डबे घेऊन उभा होतास. एक डबासुद्धा वाजू न देता तू ते खाली ठेवलेस. माझा पहिला गाजलेला विनोद तो. तात्यासाहेबांनी तुझी चिठ्ठी माझ्याकडं टाकली, 'फाडा ही.' मी खिशात घातली. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पहिल्या तारखेला मी कायम झालो आणि तुला मुदतवाढ मिळाली नाही. शेरा: नोंदीत निष्काळजी.

अहवाल छापून आला तेव्हा पिशोरच्या जोरावर तांब्याच्या रकान्यात आपला जिल्हा देशात पहिला. खाली विद्वानांची टीपही होती, 'काळी कसदार जमीन व तुरीचा मुबलक वापर यामुळे.' मी तो टेबलाखाली घातला. पण आकडा टेबलाखाली राहत नाही रे. जिथं मुबलक आहे तिथं बायका-पोरांचं रक्त तपासायची गरज नाही, असं वर ठरलं आणि पिशोर यादीतून गेलं. गेल्या महिन्यात मी तिथं जाऊन आलो. सरूबाई वारली. तिची सून द्वारकाबाई दाराशी आली, पांढरीफटक, दोन पावलं टाकून चौकटीला धरून उभी राहिली. घरात सगळं स्टील. भगुण्यात म्हशीला पेंड घालतात. मला म्हणाली, 'तुमी भांडेवाले सायब ना? सासू लई सांगायची. तो दुसरा कुटं गेला? कल्हई लावून देतो म्हनला व्हता, आलाच नाय.'

आता कारण सांगतो. अहवालाची नवी आवृत्ती निघते आहे. वरून कागद आला, आपल्या जिल्ह्याचे आकडे पूर्वीप्रमाणेच कायम असल्याची सही करून शनिवारपर्यंत पाठवा. म्हणून तर तो टेबलाखालून काढावा लागला. आज गुरुवार. काल मी सही केली, पण दुसऱ्या कागदावर. दवंडी माझी, खोटी नोंद माझी, विनोदही माझा. पिशोरचा आकडा रद्द करावा, गाव पुन्हा तपासावं, आणि ही हरकत त्याच दिवशी लेखी घेणारे गयास (तिथं तुझ्या वडिलांचं नावही लिहिलंय) यांच्यावरचा शेरा काढून टाकावा. तुझी मूळ चिठ्ठी फाइलला लावली. शिक्का मारलेली नक्कल सोबत आहे. वरच्या साहेबांनी आज खुलासा मागितलाय आणि खुर्ची रिकामी करायला सांगितलीय. त्यावर मला एक बरा विनोद सुचला होता, केला नाही. तू उत्तर दे असं म्हणत नाही, माफ कर असंही नाही. तेवढं मागायला मला तोंड नाही. पाकिटात तळाशी एक शाईपेन्सिल सापडेल, बोटभर उरली आहे. पिशोरला सहीपुरती म्हणून घेतली होती.

तुझाच,
बद्री