पानात टाकलेलं

४ फेब्रुवारी
आले एकदाची आगाशीला! खोलीच्या खिडकीतून केळीची बाग दिसते, बाजार दोन पावलांवर. नाशिकच्या हॉस्पिटलात वर्षानुवर्षं तीच पातळ खिचडी लिहून देत होते. इथे नव्वदी ओलांडलेल्यांसाठी वेगळा वॉर्ड आहे आणि त्यांचा आहार ठरवणारी मी एकटी. इथले डॉ. सुमेध सांगत होते, की आसपासच्या गावांतली तरुण मंडळी बाहेर पडतायत आणि नव्वदीपुढचे मात्र वाढतच चाललेत. असा आणखी एक वॉर्ड लागणार. वॉर्डच्या इन्चार्ज लूर्डस सिस्टर फार गोड आहेत. 'क्षितिजा बाय, जेवलीस काय?' म्हणत त्यांनी हातात गरम पावच ठेवला.

६ फेब्रुवारी
इथली पद्धत अशी, की आम्ही दुपारचं जेवण वॉर्डातच, एकेका पेशंटशेजारी बसून घ्यायचं. सोबत असली की म्हातारी माणसं चार घास जास्त खातात म्हणे. कल्पना छान आहे, पण माझ्या वाट्याला सत्यवतीबाई आल्यात. उमेळ्याच्या शेतकरी घरातल्या, शंभरी पार केलेल्या. पाठीवरच्या जखमेचा आंबूस वास, त्यावर फिनेल आणि हनुवटीवर वाळलेली लाळ. मला कुणाच्या पेल्यातलं पाणीसुद्धा चालत नाही, आई त्यावरून कायम चिडवते. अर्धी पोळी तशीच ठेवून उठले.

१३ फेब्रुवारी
माझी नाचणीची पेज कुणी तोंडात धरत नाही. वाट्या भरलेल्याच परत येतात, आणि वजनं मात्र सगळ्यांची वाढतायत! सत्यवतीबाईंची जखमसुद्धा भरत आली. डॉक्टर माझं कौतुक करतात आणि मी ते निमूट ऐकून घेते.

आज जेवून निघाले, चष्मा विसरला म्हणून मागे वळले. सत्यवतीबाईंनी माझं ताट मांडीवर ओढलं होतं. माझ्या दातांच्या खुणा असलेला पोळीचा तुकडा त्या चोखत होत्या. मग मी चावून टाकलेला शेवग्याच्या शेंगेचा चोथा त्यांनी बोटांनी उचलला आणि डोळे मिटून चघळत बसल्या. शी! लूर्डस सिस्टरना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ह्या लोकांना ताजं अन्न अंगी लागत नाही, उष्टंच लागतं. 'आज मटार आहेत' म्हणावं तितक्या सहज.

२१ फेब्रुवारी
माझा पुढचा दात हलतोय. कानामागची बट पांढरी झालीय. माझं वय एकोणतीस आहे! सत्यवतीबाईंनी आज तोंड उघडून दाखवलं: हिरडीतून कोवळा दात वर आलाय, लाळेत चकचकणारा. मी टाकते म्हणून त्यांना मिळतं, आणि मी टाकते ती त्यांच्याच किळसेनं. आता पानात कण ठेवणार नाही.

२४ फेब्रुवारी
राजीनामा दिला. लूर्डस सिस्टर म्हणाल्या, आज शेवटचं जेव, मग जा. नाक दाबून सगळं संपवलं. ताट पुसून चाटलं. वाटलं, सुटले. तेवढ्यात सत्यवतीबाईंनी तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं आणि हसल्या. तो वास— आवरलं नाही. लादीवर सगळं ओकले.

पलंगांवरून सगळे उतरले. ज्यांना कूस बदलता येत नव्हती, तेसुद्धा. गुडघ्यांवर, हातांवर— जिभांचा तो आवाज— मी फडकं घ्यायला गेले तर सत्यवतीबाई ओरडल्या, 'पुसू नको गो! पानी ओतू नको त्यात!'

मला उभं राहवेना—

२८ फेब्रुवारी
खिडकीजवळचा पलंग मला दिलाय. हाताची कातडी लोंबते. पाठीला जखम झालीय, वास येतो. माझाच.

सत्यवतीबाई घरी गेल्या. चालत.

आई आली होती. 'आजी, माझी क्षितिजा कुठे आहे हो?' मलाच विचारलं. मी 'आई' म्हणाले, पण नुसती लाळ— तिनं नाकाला पदर लावला आणि गेली.

मार्च
नवी मुलगी आलीय. रीमा. तिची पेज चांगली असेल, पण घशाखाली जात नाही. दुपारी माझ्या शेजारी जेवते. मान वळवून. कळतं मला.

सांगायला हवं तिला. टाकू नकोस, पोरी. सगळं खा आणि पळ. आज सांगणारच.

आज बोंबलाचं कालवण. वास इथपर्यंत— तिनं एक तुकडा चावला, काटा काढला, बाजूला ठेवला. पाव अर्धाच— उठू नकोस, बाय, थांब, सांगायचंय— गेली.

दारापर्यंतच गेलीय. हाक मारली तर अजून ऐकेल. मारते. आधी हे ताट जरा इकडे— एकच घास, मग लगेच—