शेवटचं वाक्य

अहमदनगर,
ता. १८ नोव्हेंबर १९४६

प्रिय रेबेकाताई,

तुला व भाऊजींना सप्रेम सलाम. इकडे आम्ही सारे देवाच्या दयेने ठीक. श्रीगोंद्याला थंडी पडली असेल, दमा सांभाळ. इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून तुला नवल वाटेल, पण आधी शाळेचं ऐक.

मागच्या आठवड्यात तपासणीला साहेब आले. माझ्या वरच्या वर्गाला म्हणाले, "स्वतःच्या मनाने चार ओळी लिहा." सव्वीस मुलंमुली ठोंब्यासारखी बसून राहिली. असं का, साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, खेड्यातली पोरं, कल्पनाच नाही. खोटं बोललो. मी निबंध तोंडी सांगतो, ती उतरून घेतात, घोकतात, परीक्षेत तसाच लिहितात. कुणी 'हाय', 'न्हाई' लिहिलं की लाल शाईने मारतो. निकाल चांगला लागतो, म्हणून मिशीला पीळ देत हिंडतो!

साहेब गेल्यावर मी ईर्ष्येने विषय दिला, 'नदीकाठची संध्याकाळ'. म्हटलं, यावर मी सांगितलेला निबंध विसरा. तुमच्या बोलीत लिहा, लाल शाई लावणार नाही.

वह्या उघडल्या. सगळ्यांचा निबंध माझाच, शब्दन् शब्द. फक्त माझं शेवटचं वाक्य, "आणि आम्ही आनंदाने घरी परतलो," एकाही वहीत नव्हतं. त्याजागी प्रत्येकाने आपापल्या अक्षरात लिहिलं होतं, "कृपा घरी न्हाई आली. सरांनी तिचा हात सोडला."

आपल्या धाकटीचं नाव मी या शाळेत कधीच काढलेलं नाही, ताई.

चोराच्या मनात चांदणं. वाटलं, आपल्या कोल्हारच्या कुणी नाव सांगितलं असेल. पण हाताचं? ते मला एकट्यालाच ठाऊक. पहिल्या बाकावरच्या मरियमला बोलावलं. देवळालीची साधी पोर ती.

"हे कुणी सांगितलं?"

"तुमीच, सर."

"मी कधी सांगितलं?"

"शेवटच्या वाक्याआधी तुमी थांबता न्हाई का? तवा ऐकू येतं. आमाला दुसरं कायबी सुचत न्हाई, सर."

अठरा वर्षं झाली. कृपा माझ्याबरोबर नव्हतीच, ताईजवळ होती, असं मी आईला सांगितलं. आईने तुला बोल लावला, तुझं माहेर तुटलं, आणि मी गप्प राहिलो. खरं असं, की मीच तिला प्रवरेवर नेलं होतं. पाण्याला ओढ होती. ती "दादा, दादा" करत होती. मी भ्यालो आणि हात सोडला. चौदा वर्षांचा होतो, पण ती काही सबब नव्हे.

आज सकाळी वर्गात तोच निबंध पुन्हा सांगायला घेतला. शेवटच्या वाक्यापाशी थांबलो. मी गप्प उभा होतो, आणि सव्वीस टाक चालत होते.

येत्या रविवारी उपासनेनंतर कोल्हारला जाऊन आईपुढे सगळं बोलणार आहे. तू ये. तिने मला उंबऱ्याबाहेर काढलं तर काढू दे. तू आत जा.

त्या संध्याकाळी एकटाच घरी परतलेला,
तुझा भाऊ
दानीएल